एकदा लिहिलेले पुन्हा वापरताना



संगणकाच्या प्रोग्रामविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे पंचाईतच. हाताशी फळा नाही, खडू नाही. शिवाय मी इथे कंस आणि स्वल्पविराम वाचून दाखवायला लागलो, तर तुम्ही दुसरे स्टेशन लावाल. म्हणून आज प्रोग्रामची एकही ओळ वाचणार नाही. एक गोष्ट सांगणार आहे. एका कामासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कामाला कसा जुंपायचा, यासाठी माणसांनी गेली पंचाहत्तर वर्षे ज्या खटपटी केल्या, त्यांची ही गोष्ट आहे. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत नोकरीला होतो. आम्हाला एका सहकारी साखर कारखान्याचे काम मिळाले होते. ऊस घेऊन आलेली बैलगाडी वजनकाट्यावर चढली की तिचे वजन संगणकात उतरवायचे. गव्हाणीत ऊस रिकामा करून ती परतली की रिकाम्या गाडीचे वजन घ्यायचे. वजाबाकी करायची आणि पावती छापून द्यायची. हा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. 1993 चा हंगाम तो बिनतक्रार चालला, म्हणून पुढच्या हंगामात ट्रक-ट्रॅक्टरच्या मोठ्या काट्यालाही संगणक जोडायचे ठरले. मी काय केले असेल? बैलगाडीचा प्रोग्राम उचलला, जिथे ‘बैलगाडी’ होते तिथे ‘वाहन’ केले आणि मोकळा झालो. काम अर्ध्या दिवसात झाले म्हणून साहेबांनी पाठही थोपटली.

जानेवारी 1995. रात्रीचे अडीच वाजले असतील. दोन ट्रॉल्या जोडलेला, उसाने खचाखच भरलेला एक ट्रॅक्टर काट्यावर चढला. वजन होते 33,100 किलो. पडद्यावर आकडा आला उणे 32,436. काट्यावरचा कारकून बिचारा चक्रावला. उणे वजनाची गाडी आत सोडायची कशी? त्याने ती थांबवली. मागे वाहनांची रांग लागली. तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितका वाळतो, वजन घटते आणि शेतकऱ्याचे पैसे कमी होतात. शेवटी हाताने चिठ्ठ्या लिहून रांग पुढे सरकली. मी सकाळी पोहोचलो, तेव्हा शाल गुंडाळून बसलेले एक आजोबा म्हणाले, “काय ओ साहेब, बैलगाडी चढली की बरोबर आन् ट्रॅक्टर चढला की उणे! तुमच्या मशीनला बैलच आवडत्यात जनू!”

आजोबांचे निदान अगदी बरोबर होते. आमच्या त्या वेळच्या संगणकावर सी भाषेतला साधा पूर्णांक 16 बिटांच्या खणात बसे. अशा खणात 32,767 च्या वरचा आकडा मावत नाही. जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या मीटरमध्ये 99,999 नंतर पुन्हा शून्ये येतात ना, तसा तो आकडा गुंडाळला जातो आणि उणे बाजूने वर येतो. बैलगाडी कधी बत्तीस टनांची असते का? नसते. म्हणून पहिल्या हंगामात काही बिघडले नाही. ‘वजन बत्तीस हजार किलोंच्या आत असेल’ ही माझ्या प्रोग्रामची अट होती. पण ती मी कुठे लिहिलेली नव्हती. ती इतकी उघड होती की ती अट आहे, हेच मला कधी जाणवले नाही. प्रोग्राम उचलून दुसरीकडे नेला आणि अट मागेच राहिली.

या चुकीने मला इतिहास वाचायला लावला. आपण काही पहिले नव्हतो, हे मग कळले.

1949 साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या चमूने ‘एडसॅक’ नावाचा संगणक उभा केला. 6 मे 1949 रोजी त्यावर पहिला प्रोग्राम चालला आणि त्याने 0 ते 99 या आकड्यांचे वर्ग छापले. यंत्र चालले, पण प्रत्येक नव्या गणितासाठी प्रत्येकाने सगळे पहिल्यापासून लिहायचे हे काही परवडणारे नव्हते. वर्गमूळ एकाला लागते, तसे दुसऱ्यालाही लागते. मग डेव्हिड व्हीलर या तरुणाने युक्ती काढली. नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे गट कागदी पट्ट्यांवर भोके पाडून तयार ठेवायचे. पट्ट्या पोलादी कपाटात रचायच्या. ज्याला हवी त्याने पट्टी काढून तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या पट्टीवर उतरवून घ्यायची. या गटांना ‘सबरुटीन’ म्हणतात. 1951 पर्यंत केंब्रिजच्या कपाटात अशा 87 सबरुटीन जमल्या होत्या, आणि त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

एक अडचण होती. उसनी घेतलेली पट्टी यंत्राच्या स्मृतीत दर वेळी वेगळ्या ठिकाणी जाऊन बसणार. मग तिच्या आतले पत्ते चुकणार. व्हीलरने यंत्राच्या आरंभीच्या आज्ञांमध्येच अशी सोय केली की पट्टी वाचली जात असतानाच आतले पत्ते दुरुस्त व्हावेत. म्हणजे प्रोग्राम चालू होण्याच्या आधीच, तयारीच्या वेळात, यंत्राने एक काम उरकायचे. ‘चालण्याच्या आधी’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

याच व्हीलरने 1952 साली एक छोटा निबंध वाचला. सबरुटीन लिहिणे आणि तपासणे कष्टाचे आहेच, असे त्याने म्हटले; पण ज्याने ती लिहिलेली नाही, त्याला आत न डोकावता वापरता यावी असे तिचे वर्णन लिहिणे हे कदाचित सर्वांत अवघड काम आहे, असेही त्याने बजावले. मी हे वाचले तेव्हा माझ्यासमोर तो ट्रॅक्टर उभा राहिला. माझी चूक घडायच्या त्रेचाळीस वर्षे आधी एका माणसाने ती सांगून ठेवली होती.

पुढे संगणकांच्या भाषा आल्या आणि ‘कंपायलर’ आला. कंपायलर म्हणजे भाषांतरकार. आपण लिहिलेले तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. त्यामुळे प्रोग्रामच्या आयुष्यात दोन वेळा येतात. एक भाषांतराची, म्हणजे कंपाइल-टाइम; आणि दुसरी प्रत्यक्ष चालण्याची, म्हणजे रन-टाइम. हा फरक पुस्तकी वाटेल. पण भाषांतराच्या वेळी सापडलेली चूक माझ्या टेबलावर, दिवसाउजेडी, चहाचा कप हातात असताना सापडते. चालण्याच्या वेळी सापडलेली चूक रात्री अडीच वाजता कारखान्याच्या फाटकात सापडते, आणि तिची किंमत तिसराच कोणीतरी मोजतो.

1968 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. प्रोग्राम वेळेवर होत नाहीत, झाले तर चालत नाहीत, अशी तेव्हा सर्वत्र ओरड होती. तिथे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी एक सरळ प्रश्न मांडला. इतर उद्योगांत सुटे भाग तयार मिळतात, आपल्याकडे का मिळू नयेत? त्यांनी उदाहरण घेतले त्रिकोणमितीतल्या ‘साइन’चे. कोणाला साइन चार अंकांपर्यंत अचूक पुरतो, कोणाला दहा अंकांपर्यंत हवा. कोणाला वेग हवा, कोणाला कमी जागा. मग प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे बेतलेला भाग सूचीतून निवडता आला पाहिजे. आता असे शेकडो भाग हाताने लिहायचे कोणी? ते एका मूळ नमुन्यावरून यंत्रानेच घडवायला हवेत. मॅकिलरॉय यांनी 1960 सालीच ‘मॅक्रो’ या विषयावर निबंध लिहिला होता, हे लक्षात घेतले की त्यांच्या मनातली सांगड कळते.

मॅक्रो म्हणजे काय? एका मजकुराला छोटे नाव द्यायचे. ते नाव जिथे येईल तिथे भाषांतराआधी पूर्ण मजकूर भरला जातो. डेनिस रिची यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडवली, तेव्हा 1973 च्या सुमारास तिला अशी सोय जोडली गेली. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी ती वाढवली. सोय फार उपयोगाची, पण आंधळी. ती मजकूर चिकटवते, अर्थ तिला कळत नाही. समजा, ‘वर्ग’ या मॅक्रोचा अर्थ दिला आहे: आलेली गोष्ट गुणिले तीच गोष्ट. आता त्याला ‘दोन अधिक तीन’ दिले. उत्तर पंचवीस यायला हवे. मॅक्रो लिहितो, दोन अधिक तीन गुणिले दोन अधिक तीन. शाळेतला नियम सांगतो की गुणाकार आधी. तीन दुणे सहा, त्यात दोन आणि तीन मिळवा, उत्तर अकरा. कंस घातले तर ही चूक टळते, पण कंस घालायला आठवले पाहिजे. पुन्हा तेच. न लिहिलेली अट.

आता डेन्मार्कच्या ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांच्याकडे येऊ. 1979 मध्ये ते बेल प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी सी भाषेवरच नवी इमारत बांधायला घेतली. 1983 मध्ये तिला ‘सी प्लस प्लस’ हे नाव मिळाले आणि 1985 मध्ये ती बाजारात आली. 1988 मध्ये त्यांनी तिच्यासाठी ‘टेम्प्लेट’ची कल्पना मांडली. 1991 पासून ती कंपायलरमध्ये प्रत्यक्ष मिळू लागली.

टेम्प्लेट म्हणजे साचा. मी विद्यार्थ्यांना हे शिकवताना दिवाळीचा सोऱ्या घेऊन जातो. सोऱ्या एकच, तळाची चकती बदलली की कधी शेव, कधी चकली, कधी गाठी. शेवेसाठी एक यंत्र आणि चकलीसाठी दुसरे, असे कोणी घेत नाही. तसेच, आकड्यांची यादी चढत्या क्रमाने लावायची आणि नावांची यादी चढत्या क्रमाने लावायची, यात पद्धत एकच आहे. फक्त माल वेगळा. पद्धत एकदा साच्यात लिहायची. आकडे दिले की कंपायलर आकड्यांसाठी खास प्रोग्राम घडवतो, नावे दिली की नावांसाठी. हे सारे घडवणे भाषांतराच्या वेळी, म्हणजे चालण्याच्या आधी.

याचे महत्त्व काय? तोवर असा समज होता की सर्वांना चालणारे ते नेहमी हळू असणार. सी भाषेत यादी लावण्याची एक सर्वसाधारण सोय आहे. तिला आपला माल काय आहे ते ठाऊक नसते. त्यामुळे दर दोन वस्तूंच्या तुलनेसाठी ती आपण दिलेल्या वेगळ्या फंक्शनकडे ‘यातले लहान कोण?’ असे विचारायला जाते. लाखभर वस्तूंची यादी असेल तर हे हेलपाटे लाखोंनी होतात. साच्यातून घडलेल्या प्रोग्रामला माल आधीच ठाऊक असतो, म्हणून तुलना जागच्या जागी होते. एकदाच लिहायचे आणि तरी वेग गमवायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे लोकांना दिसले.

ते ठसठशीतपणे दाखवून दिले अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी. त्यांची हकिगत विलक्षण आहे. 1976 साली सोव्हिएत रशियात असताना कच्चे मासे खाऊन त्यांना जबर विषबाधा झाली. इस्पितळात तापाच्या ग्लानीत त्यांना सुचले की बेरीज अनेक यंत्रांत वाटून एकाच वेळी करता येते, ती बेरजेच्या साहचर्य गुणधर्मामुळे. साहचर्य म्हणजे पहिल्या दोन संख्या आधी मिळवा किंवा शेवटच्या दोन आधी मिळवा, उत्तर तेच. मग ही पद्धत केवळ बेरजेची राहतच नाही. हा गुणधर्म पाळणारी कोणतीही क्रिया घ्या, पद्धत तिला लागू पडते. थोडक्यात, पद्धतीला मालाचे नाव जाणून घ्यायची गरज नसते. मालाने कोणती अट पाळावी, एवढेच तिला ठरवायचे असते.

1977 मध्ये ते अमेरिकेत आले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये डेव्हिड मसर आणि दीपक कपूर यांच्याबरोबर त्यांनी या कल्पनेवर काम केले. अनेक भाषा वापरून पाहिल्यावर शेवटी सी प्लस प्लसच्या साच्यांत त्यांना हवे ते सापडले. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत मेंग ली यांच्यासह त्यांनी प्रोग्रामच्या तयार भागांचा एक संच रचला. नोव्हेंबर 1993 मध्ये भाषेचे मानक ठरवणाऱ्या समितीपुढे तो मांडला आणि जुलै 1994 मध्ये समितीने तो स्वीकारला. मॅकिलरॉय यांनी गार्मिशला पाहिलेले स्वप्न सव्वीस वर्षांनी बऱ्याच अंशी खरे झाले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच 1994 साली समितीच्या एका बैठकीत एक गंमत घडली. जर्मनीच्या एर्विन उन्रू यांनी एक प्रोग्राम दाखवला. तो चालतच नव्हता. कंपायलर त्यावर चुकांची यादी ओकत होता. पण त्या चुकांच्या संदेशांत क्रमाने 2, 3, 5, 7, 11 अशा मूळ संख्या येत होत्या! म्हणजे कंपायलरने भाषांतर करता करता गणित करून टाकले होते. साच्यांच्या पोटात एक पूर्ण संगणक दडलेला आहे, हे ते घडवणाऱ्यांनाही तोवर पुरते उमगले नव्हते. वर्षभरात टॉड व्हेल्डहाउझेन यांनी या युक्तीवर लेख लिहिले आणि हुशार मंडळी तिच्यावर तुटून पडली.

मीही पडलो. आणि तोंडघशीही पडलो. साचे लिहायला शिकताना एक शब्द चुकला की कंपायलर चार-पाच पाने भरून तक्रार करी, आणि त्यात माझ्या चुकीची जागा कुठेच नसे. कारण सांगतो. सोऱ्यात कोणते पीठ चालते, हे सोऱ्यावर लिहिलेले नसते. आईला ते ठाऊक असते. एखाद्याने कणीक भरली तर सोऱ्या काही ‘नको’ म्हणत नाही. जोर लावावा तर हँडल तुटते किंवा चकली तेलात विरघळते. टेम्प्लेटचे तसेच होते. ‘दोन वस्तूंत लहान-मोठे ठरवता आले पाहिजे’ ही अट स्टेपानोव्ह यांच्या संचाच्या कागदपत्रांत नीट लिहिलेली होती. अशा अटींच्या समूहाला ते ‘कन्सेप्ट’ म्हणत. पण कंपायलर कागदपत्रे वाचत नाही. त्यामुळे चुकीचा माल आत खोलवर जाई आणि तिथे कुठेतरी अडके.

इथवर ही चूक फार तर माझी झोप उडवणारी. पण 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचे ‘आरियान 5’ हे नवे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि साधारण चाळीस सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. त्यात ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. जाक-लुई लियॉन्स यांच्या चौकशी समितीने जुलैत अहवाल दिला. तो वाचून माझ्या अंगावर काटा आला. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम जुन्या ‘आरियान 4’ वरून घेतलेला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित असा एक मोठा आकडा 16 बिटांच्या खणात भरला जात होता. जुन्या रॉकेटचा मार्ग असा होता की आकडा कधी त्या मर्यादेबाहेर जाणारच नाही. नवे रॉकेट सुरुवातीलाच जास्त आडवा वेग घेत होते. आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती. पण तिच्यातही तोच प्रोग्राम, म्हणून तीही त्याच कारणाने बंद पडली. आणि सर्वांत वाईट भाग असा की नव्या रॉकेटला उड्डाणानंतर त्या हिशेबाची गरजच नव्हती.

बैलगाडी आणि ट्रॅक्टर! फरक फक्त किमतीचा. तिथला प्रोग्राम काळजीपूर्वक लिहिलेला होता, तपासलेला होता, अनेक उड्डाणांत खरा ठरलेला होता. तो ज्या अटीवर खरा होता, ती अट मात्र त्याच्याबरोबर नव्या रॉकेटवर गेली नाही.

कंपायलरने ही चूक पकडली असती का? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रॉकेट किती वेगाने जाईल हे भाषांतराच्या वेळी ठाऊक नसते. पण अट प्रोग्रामच्या शेजारी ठळक लिहिलेली असती, तर ‘आपल्या नव्या रॉकेटला ही लागू पडते का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारला असता. माझ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र कंपायलरला नक्की पकडता आली असती. सर्वांत जड वाहन किती किलोंचे, हा आकडा मला आधीच माहीत होता. खणाची मर्यादाही माहीत होती. ‘पहिला दुसऱ्याहून मोठा असेल तर भाषांतरच करू नकोस’ असे सांगण्याची सोय तेव्हाच्या सी भाषेतही होती. म्हणून भाषेला बोल लावून माझी सुटका नाही. मला अट सुचली नाही, एवढेच खरे.

नंतरच्या वर्षांत भाषा घडवणाऱ्यांनी नेमका हाच धागा पकडला. वॉल्टर ब्राइट यांनी 1980 नंतरच्या दशकात सी प्लस प्लसचा कंपायलर स्वतः लिहिला होता, त्यामुळे त्यांना तिच्या खाचाखोचा पाठ होत्या. 1999 पासून ते ‘डी’ नावाची भाषा रचू लागले. त्यांनी उन्रू यांची चोरवाट सरळ हमरस्ता करून टाकली. 2007 पासून डी भाषेत नेहमीसारखे लिहिलेले फंक्शन कंपायलर भाषांतराच्या वेळीच चालवू शकतो. कोड्यात बोलावे लागत नाही. साइनचे कोष्टक हवे? ते आधीच तयार करून प्रोग्रामच्या पोटात ठेवता येते. अट तपासायची? एका ओळीत लिहा. ती खोटी ठरली तर भाषांतर तिथेच थांबते. 2011 च्या मानकात सी प्लस प्लसनेही हे दोन्ही मार्ग स्वीकारले, आणि अट तपासणारी ओळ त्याच वर्षी सी भाषेतही आली.

कन्सेप्टची वाट जास्त खडतर निघाली. साच्याच्या कपाळावरच अट लिहावी आणि कंपायलरने ती दारातच तपासावी, हा स्ट्रॉस्ट्रुप यांचा आणि इतरांचा आग्रह. अनेक वर्षे त्यावर काम झाले. मसुद्यात ती सोय आली, आणि 2009 च्या जुलैत, फारच गुंतागुंतीची झाली म्हणून, समितीने ती काढून टाकली. पुन्हा साधी करून मांडली, तेव्हा 2020 च्या मानकात तिला जागा मिळाली. दरम्यान 2015 मध्ये ‘रस्ट’ भाषेची पहिली पक्की आवृत्ती आली; तिथे साच्याला लागणारी अट आधी लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे सरकत नाही. 2016 मध्ये अँड्र्यू केली यांनी ‘झिग’ जाहीर केली. तिने मॅक्रो टाकूनच दिले. भाषांतराच्या वेळचे आणि चालण्याच्या वेळचे, दोन्ही काम एकाच साध्या भाषेत.

मी आता निवृत्त आहे, पण शनिवारी काही मुले घरी येतात, त्यांना शिकवतो. मागे एका मुलीने मोठ्या उत्साहाने तीनशे ओळींचा साचा दाखवला. कोणताही माल घाला, सगळे चालते. मी विचारले, “हा किती ठिकाणी वापरलास?” ती म्हणाली, “सर, सध्या एकाच ठिकाणी. पण पुढे कुठेही वापरता येईल ना!” मी तिला रागावलो नाही, तिच्या वयात मीही तेच केले होते. एवढेच म्हणालो, “बाळ, एका ठिकाणी लागते ते सरळ लिही. दुसऱ्यांदा लागले तर विचार कर. तिसऱ्यांदा लागले की साचा कर. आणि साचा करशील तेव्हा पहिली ओळ अटीची लिही.” तिने विचारले, “आणि अट सुचलीच नाही तर?” प्रश्न बिनतोड होता. मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. ज्याला काट्यावर ट्रॅक्टर चढवायचा आहे त्याला आधी विचार, म्हटले. सगळ्या अटी टेबलावर बसून सुचत नाहीत.

कारखान्याचा तो प्रोग्राम मी त्याच दिवशी काट्याशेजारच्या खोलीत बसून दुरुस्त केला. खण मोठा केला, आणि सर्वांत वर, कंपायलरला वाचता येईल अशा शब्दांत, सर्वांत जड वाहनाच्या वजनाची मर्यादा लिहिली. दुपारी पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. पडद्यावर अधिक आकडा आला. कारकुनाने गाडी आत सोडली आणि आजोबा काही न बोलता चहाचा पेला माझ्याकडे सरकवून निघून गेले.

पट्ट्यांचे पोलादी कपाट गेले, भाषा बदलल्या, खण मोठे झाले. व्हीलरने 1952 साली सांगितलेले काम मात्र अजून तसेच आहे, आणि अजूनही सर्वांत अवघड आहे. एकदा लिहिलेले दुसऱ्याच्या हाती देताना, ते कशाच्या भरवशावर चालते हेही त्याच्या हाती द्यावे लागते. ते द्यायला आपण विसरलो, तर काट्यावर उभा राहणारा कोणी दुसराच असतो.